लक्षद्वीपचा कारभार लक्षद्वीपवासीयांच्या हाती हवा

लक्षद्वीपची सगळी कोरडी जमीन एकत्र केली तर ती ३२ चौरस किलोमीटर भरते, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जेमतेम एक तृतीयांश. या जमिनीचे ३६ तुकडे आहेत. त्यातल्या दहांवर वस्ती आहे आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे तिथे ६४,४७३ माणसं राहतात. चौरस किलोमीटरला दोन हजारांहून जास्त. केरळच्या किनाऱ्यापासून जवळात जवळचं बेटही दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून एक-दोन मीटरच वर आहे. या प्रदेशाला विधानसभा नाही, मंत्रिमंडळ नाही. राष्ट्रपतींनी नेमलेला एक प्रशासक, लोकसभेत एक खासदार आणि हाती फारसं काही न उरलेल्या पंचायती, एवढाच इथला कारभार.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीची छायाचित्रं आली आणि ‘मालदीव कशाला, लक्षद्वीपला चला’ ही हाक देशभर गेली. तेव्हापासून किती खोल्या बांधायच्या, धावपट्टी किती वाढवायची, दारूबंदी शिथिल करायची का, यावर भरपूर बोललं जातं. हे सगळं ठरवायचं कुणी, यावर मात्र कुणीच बोलत नाही. माझ्या मते मूळ प्रश्न तोच आहे. इतक्या नाजूक जागेचे निर्णय, चुकले तर त्याची किंमत मोजायला तिथेच राहणार असलेल्या माणसांनी घ्यायला हवेत, आणि त्यासाठी लक्षद्वीपला खरे अधिकार असलेलं निवडून आलेलं सभागृह मिळालं पाहिजे.

नाजूक हा शब्द उगाच वापरलेला नाही. आधी पाण्याचं बघा. इथे नदी नाही, ओढा नाही, तलाव बांधायला खडक नाही. वर्षाला सुमारे १,६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तो वाळूतून आणि प्रवाळाच्या चुऱ्यातून थेट खाली झिरपतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं असल्यामुळे त्याचा भिंगाच्या आकाराचा थर तयार होतो, बेटाच्या मध्यावर जाड आणि किनाऱ्याकडे पातळ. पुस्तकी हिशेब सांगतो की विहिरीतली पातळी समुद्राच्या वर जितकी असेल त्याच्या चाळीसपट खोलीपर्यंत गोडं पाणी मिळावं. प्रत्यक्षात भरती-ओहोटीने दोन्ही पाणी सतत घुसळलं जातं, मधे निमखाऱ्या पाण्याचा पट्टा तयार होतो आणि वापरण्याजोगा थर काही मीटरच उरतो. घरच्या उथळ विहिरीतून बादलीने पाणी काढलं तर हा थर टिकतो. तिथे विजेचा पंप लावून तासभर उपसा केला की पंपाच्या बरोबर खाली खारं पाणी सुळक्यासारखं वर चढतं. एकदा चढलं की ते खाली बसायला पुढचा पावसाळा यावा लागतो, कधी त्यानंतरचाही.

दुसरी अडचण वरून येते. वस्ती दाट आहे, परसं लहान आहेत आणि शोषखड्डा व विहीर यांच्यात पुरेसं अंतर ठेवायला जागाच नसते. वाळूतून मैलापाणी गाळलं जात नाही, ते सरळ त्याच थरात उतरतं. म्हणून कित्येक विहिरींचं पाणी पिण्यालायक राहिलेलं नाही. यावर उपाय म्हणून राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती या राजधानीच्या बेटावर एक वेगळाच प्रकल्प उभा केला. समुद्राच्या पृष्ठभागावरचं सुमारे २८ अंशांचं कोमट पाणी निर्वात टाकीत सोडायचं. तिथे दाब इतका कमी असतो की ते उकळवावं लागत नाही, त्यातला थोडा भाग आपोआप वाफ होतो. ती वाफ साडेतीनशे मीटरपेक्षा खोलवरून ओढून आणलेल्या बारा-तेरा अंशांच्या थंड पाण्याने गार करायची की गोडं पाणी हाती येतं. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो म्हणून हे इथे जमतं. पुढे मिनिकॉय, अगत्ती आणि इतर बेटांवरही असे प्रकल्प झाले. काम खरोखर कौतुकाचं आहे. पण कवरत्तीच्या त्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला एक लाख लिटर आणि बेटाची लोकसंख्या २०११ मध्ये ११ हजारांहून जास्त. माणशी नऊ लिटरही पडत नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला पुरेल इतकंच. शहरातल्या घरगुती पाण्याचा आपल्याकडचा सरकारी मापदंड माणशी १३५ लिटरचा आहे, आणि बाग, तरणतलाव व रोज धुतल्या जाणाऱ्या चादरी असलेलं हॉटेल त्याच्याही पुढे जातं. वर हे पंप विजेवर चालतात, वीज मुख्यतः डिझेलवर, आणि डिझेल जहाजाने येतं. जहाज उशिरा आलं की त्याचा फटका नळापर्यंत पोहोचतो. कवरत्तीला २०२४ मध्ये बॅटरीसह सौरऊर्जा प्रकल्प सुरू झाला, तो याच कारणाने मोलाचा आहे.

तेव्हा एका बेटावर किती खोल्या असाव्यात, हा सौंदर्याचा किंवा गुंतवणुकीचा प्रश्न होण्याआधी त्या भिंगाच्या जाडीचा प्रश्न आहे. आणि कोणत्या वाडीतल्या विहिरी मार्च उजाडला की मचूळ होतात, हे कोणत्याही आराखड्यापेक्षा तिथल्या बायकांना चांगलं ठाऊक असतं.

मासेमारीचंही तसंच. इथला मुख्य मासा टूना, आपल्या कोकणातला कुपा. तो पकडण्याची इथली रीत मूळ मिनिकॉयची. १९६० च्या दशकात यांत्रिक होड्या आल्यावर ती बाकीच्या बेटांवरही पसरली. पहाटे आधी लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळकड्याच्या आतल्या शांत उथळ पाण्यात, बोटभर लांबीचे चाऱ्याचे मासे जाळ्याने उचलायचे. ते होडीच्या पोटातल्या, समुद्राचं पाणी खेळतं ठेवणाऱ्या टाकीत जिवंत ठेवायचे. मग बाहेर खोल समुद्रात टूनाचा थवा शोधायचा, त्यात मूठमूठ जिवंत चारा फेकायचा आणि पाण्याचे फवारे उडवायचे. पृष्ठभाग असा खळबळला की टूनाला वाटतं, लहान माशांची झुंबड उडाली आहे. होडीच्या मागच्या फळीवर ओळीने उभे असलेले आठ-दहा जण आपल्या काठ्यांनी एकेक मासा उचलून मागे टाकतात. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे मासा होडीत पडताच आपोआप सुटतो आणि काठी पुन्हा पाण्यात जाते. थवा मिनिटांत येतो आणि मिनिटांत जातो. गळ सोडवत बसायला वेळच नसतो. या पद्धतीत कासव अडकत नाही, डॉल्फिन अडकत नाही, पिल्लं खरवडून निघत नाहीत. जगातल्या सर्वांत स्वच्छ मासेमारीत हिची गणना होते.

पण हिचा सगळा डोलारा त्या बोटभर माशांवर उभा आहे, आणि ते मासे प्रवाळात वाढतात. चारा नाही तर टूनाही नाही. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापला आणि प्रवाळ पांढरं पडून मोठ्या प्रमाणावर मेलं. २०२४ मध्ये पुन्हा तेच झालं. ज्या कड्यांवर संशोधक १९९८ पासून लक्ष ठेवून आहेत तिथलं जिवंत प्रवाळ जवळपास निम्म्यावर आलं आहे. तापणारा समुद्र कवरत्तीतून थांबवता येणार नाही, हे मान्य. पण लगूनचं तोंड खोल करण्यासाठी गाळ उपसणं, उथळ पाण्यात खांब रोवून खोल्या उभारणं, मैलापाणी आत सोडणं, हे सगळं थांबवता येतं. उपशाचा गाळ पाण्यात तरंगतो, उन्हं अडवतो आणि प्रवाळावर बसून त्याला गुदमरवतो. कडा कमकुवत झाला की लाटा अडत नाहीत आणि किनारा कापला जातो. बंगारम समूहातलं पराळी-१ हे छोटं निर्जन बेट असंच झिजत पूर्ण नाहीसं झालं. उरलेल्या बेटांवर सिमेंटचे चौपाये (टेट्रापॉड) टाकून किनारे धरून ठेवायचे प्रयत्न चालतात. ते जिथे टाकले तिथला किनारा टिकतो आणि थोडं पुढे जाऊन तोच किनारा जास्त खचतो, हा अनुभव कोकणातही आहे.

पकडलेल्या टूनाचं पुढे काय होतं, यात इथल्या अर्थकारणाचं दुखणं दिसतं. बर्फ पुरेसा नाही, शीतगृह पुरेसं नाही, आणि मुख्य भूमीकडचं जहाज कोणत्या दिवशी निघेल याची खात्री नाही. ताजा मासा चांगल्या भावाने विकणं त्यामुळे अवघड. म्हणून टूनाचं मासमीन करतात. डोकं आणि आतडी काढून उभे तुकडे करायचे, खाऱ्या पाण्यात शिजवायचे, नारळाच्या सोडणांच्या धुरावर धरायचे आणि मग लाकडासारखे कडक होईपर्यंत उन्हात वाळवायचे. पाच किलो माशाचं साधारण एक किलो मासमीन होतं आणि ते महिनोन्‌महिने टिकतं. वाळवताना एखादी अवकाळी सर आली की बुरशी धरते आणि माल पडेल त्या भावाने द्यावा लागतो. गिऱ्हाईक मुख्यतः श्रीलंकेतलं, तेही तुतिकोरिनच्या मोजक्या व्यापाऱ्यांमार्फत. श्रीलंकेची अर्थव्यवस्था २०२२ मध्ये कोसळली, त्याची झळ मिनिकॉयच्या अंगणात वाळत घातलेल्या मालापर्यंत पोहोचली नसती तरच नवल. इथली पहिली गरज आहे बर्फ, शीतगृह आणि ठरलेल्या वारी सुटणारं मालवाहू जहाज. काठीने एकेक पकडलेल्या टूनाला परदेशात जास्त दर द्यायला बाजार तयार आहे. तिथवर मासा खराब न होता पोहोचला पाहिजे, एवढंच. पण गेल्या काही वर्षांत ज्या प्रकल्पांचा गाजावाजा झाला त्यात पाण्यावरच्या खोल्या पुढे आणि बर्फ मागे. सुहेली आणि कदमत इथे प्रत्येकी ११० खोल्यांची दोन मोठी हॉटेलं २०२३ मध्ये जाहीर झाली. हॉटेलं नकोतच असं माझं म्हणणं नाही. क्रम कुणी ठरवला, हे मी विचारतो आहे.

क्रम ठरवणारे नेहमी दूरच बसलेले होते. ही बेटं शतकानुशतकं कण्णूरच्या अरक्कल घराण्याच्या, अली राजांच्या ताब्यात होती. राजाचा मुख्य रस काथ्यात. बेटांवरचा काथ्या त्याने ठरवलेल्या भावाने त्यालाच द्यायचा आणि बदल्यात तांदूळ घ्यायचा, दोन्हीकडचा भाव त्याचाच. या जाचाला कंटाळून अमिनी बाजूच्या बेटांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टिपू सुलतानाकडे धाव घेतली. १७९९ मध्ये टिपू पडला आणि ती बेटं इंग्रजांकडे गेली. उरलेल्या बेटांची गोष्ट कर्जाची आहे. १८४७ च्या वादळाने अंद्रोत उद्ध्वस्त झालं, मदतीसाठी राजाने कंपनीकडून पैसे घेतले, व्याज चढत गेलं आणि त्यापायी टप्प्याटप्प्याने बेटांचा कारभारच इंग्रजांकडे गेला. इंग्रजांनी मक्तेदारीची रीत बराच काळ तशीच चालू ठेवली. स्वातंत्र्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ ला केंद्रशासित प्रदेश झाला, तरी मुख्यालय १९६४ पर्यंत कोळिकोडला होतं. लक्षद्वीप हे नाव १९७३ चं.

असं असूनही गावकारभाराची जाण इथे जुनी आहे. बेटाचा अमीन, म्हणजे प्रमुख, आणि घराण्यांचे कारणवर, म्हणजे कर्ते पुरुष, मिळून तंटे सोडवत, सामाईक कामं वाटून देत. मिनिकॉयच्या अकरा गावांत प्रत्येकाचा निवडलेला मुखिया, बोडुकाका, असतो. गावाची सामाईक होडी असते, सामाईक घर असतं आणि कामाच्या पाळ्या असतात. समाज जवळपास पूर्ण मुस्लिम आणि तरी घर व वडिलोपार्जित जमीन आईकडून चालणारी. मरुमक्कत्तायम रीतीने चालत आलेल्या सामाईक मिळकतीला शुक्रवारची आणि स्वतः कमावलेल्या मिळकतीला सोमवारची मिळकत म्हणतात, आणि दोन्हींचे वारसाचे नियम वेगळे. इतकी बारीक व्यवस्था जे लोक पिढ्यान्‌पिढ्या चालवतात, ज्यांची साक्षरता २०११ मध्येच नव्वद टक्क्यांच्या पुढे होती, त्यांना स्वतःचा अर्थसंकल्प वाचता येणार नाही असं मानणं त्यांच्यावर अन्याय आहे.

आजची कायदेशीर रचना मात्र हेच मानून चालते. घटनेच्या कलम २३९ खाली प्रशासक नेमला जातो. कलम २४० खाली राष्ट्रपती, म्हणजे व्यवहारात केंद्रीय गृहखातं, लक्षद्वीपसाठी विनियम काढू शकतं. आणि असा विनियम संसदेने केलेला कायदाही त्या प्रदेशापुरता बदलू किंवा रद्द करू शकतो. एवढा मोठा अधिकार, आणि त्यावर बेटांवरच्या एकाही निवडून आलेल्या माणसाची सही लागत नाही. सध्याचे प्रशासक प्रफुल्ल खोडा पटेल यांना डिसेंबर २०२० मध्ये ही जबाबदारी मिळाली ती दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवच्या कारभाराच्या जोडीला. एका माणसाच्या ताब्यात दोन प्रदेश, एक आपल्या पालघरला लागून आणि दुसरा अरबी समुद्राच्या दक्षिण टोकाला.

२०२१ मध्ये याचे परिणाम सगळ्यांनी पाहिले. एकामागून एक विनियमांचे मसुदे आले. विकास प्राधिकरणाच्या मसुद्यात कुठलाही भाग नियोजन क्षेत्र म्हणून जाहीर करण्याचे आणि जमिनीचा वापर बदलण्याचे व्यापक अधिकार होते, आणि ‘विकास’ या संज्ञेत खाणकाम व उत्खननही धरलं होतं, तेही प्रवाळाच्या बेटांवर. गुन्हे अत्यल्प असलेल्या प्रदेशासाठी गुंडाविरोधी कायद्याचा मसुदा आला. दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्यांना पंचायत निवडणुकीतून बाद करण्याचा प्रस्ताव आला. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या जाळी-होड्या ठेवायच्या शेड पाडल्या गेल्या. सरकारी दुग्धशाळा बंद झाल्या, शाळेच्या जेवणातून मांस गेलं. या सगळ्यापेक्षा माझ्या मते गंभीर होता मे २०२१ चा एक आदेश, ज्याने शिक्षण, आरोग्य, शेती, मत्स्यव्यवसाय आणि पशुसंवर्धन ही पाच खाती जिल्हा पंचायतीकडून काढून घेतली. होतं नव्हतं तेवढं स्वशासन एका कागदाने गेलं. लोकांनी उपोषण केलं, केरळच्या विधानसभेने ठराव केला, म्हणजे लक्षद्वीपच्या बाजूने ठराव करायलाही शेजारच्या राज्याचं सभागृह लागलं.

दुग्धशाळा आणि शाळेच्या जेवणाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२३ मध्ये न्यायालयाने हा धोरणाचा विषय असल्याचं सांगून हस्तक्षेप नाकारला. कायद्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे. धोरण न्यायालयाने ठरवू नये. ते ठरवायचं लोकप्रतिनिधींनी. पण इथे ते सभागृहच नाही. दाद मागायला दार ठोठवावं तर आत कुणी बसलेलंच नाही, अशी ही अवस्था. एकुलत्या एका खासदारावर सगळी भिस्त, आणि २०२३ च्या सुरुवातीला त्या वेळचे खासदार एका खटल्यातल्या शिक्षेमुळे अपात्र ठरले तेव्हा सदस्यत्व परत मिळेपर्यंत काही आठवडे दिल्लीत या बेटांचा आवाजच नव्हता. पुढे २०२४ मध्ये पंडारम जमिनी ताब्यात घेण्याच्या हालचाली सुरू झाल्या. अरक्कलच्या काळापासून खंडाने कसलेल्या या जमिनी, त्यांवर नारळ लावणारी आणि घरं बांधणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्यांची. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं. २०२५ मध्ये बित्रा हे सर्वांत लहान वस्तीचं बेट संरक्षणासाठी संपादित करण्याचा प्रस्ताव निघाला; २०११ मध्ये तिथे २७१ माणसं राहत होती. प्रत्येक वेळी लोकांच्या हाती एकच मार्ग: वकील गाठायचा.

सभागृहाच्या मागणीला पहिला आक्षेप येतो आकाराचा. पासष्ट-सत्तर हजारांसाठी विधिमंडळ? न्यूझीलंडशी जोडलेल्या निउए बेटावर दोन हजारांहून कमी माणसं राहतात आणि त्यांची वीस सदस्यांची विधानसभा आहे. ब्रिटनच्या ताब्यातल्या सेंट हेलेनाची वस्ती साडेचार हजारांच्या आसपास, तिथे बारा निवडून आलेले सदस्य आहेत. दोन्हीकडे संरक्षणाची जबाबदारी मोठ्या देशाकडेच आहे, त्यामुळे सुरक्षेचा आक्षेपही टिकत नाही. कवरत्तीला नौदलाचा द्वीपरक्षक तळ २०१२ पासून आहे, मिनिकॉयला जटायू २०२४ मध्ये झाला. ते केंद्राकडेच राहतील आणि राहावेत. विहिरीजवळ शोषखड्डा किती अंतरावर असावा, याचा त्यांच्याशी संबंध नाही.

पैशाचा आक्षेप जास्त वजनदार आहे. ऑस्ट्रेलियाच्या नॉरफोक बेटाला १९७९ मध्ये स्वशासन मिळालं, पण खर्च बहुतांशी स्थानिक उत्पन्नातून चालवायचा, अशा अटीवर. पर्यटन घसरलं, तिजोरी रिकामी झाली, बेटाला कॅनबेराकडे हात पसरावे लागले आणि २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाने ती विधानसभाच बंद केली. सत्तेबरोबर पैशाची हमी दिली नाही तर काय होतं, त्याचं हे उदाहरण. लक्षद्वीप कधीच स्वतःच्या करांवर चालणार नाही. बत्तीस चौरस किलोमीटरमधून रुग्णालय, जहाजं आणि वीज यांचा खर्च निघत नाही. चार लाख चौरस किलोमीटरच्या आसपासचं आर्थिक सागरी क्षेत्र देशाला या बेटांमुळे मिळतं, त्यामुळे हा खर्च उपकार म्हणून मोजायचं कारण नाही. अडचण अशी की वित्त आयोगाच्या वाटपात केंद्रशासित प्रदेश येत नाहीत, त्यांना गृहखात्यामार्फत दरवर्षी मिळेल ते घ्यावं लागतं. म्हणून नव्या कायद्यातच पाच वर्षांच्या अनुदानाचं सूत्र लिहिलेलं असायला हवं.

तिसरा आक्षेप प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. स्थानिक सत्ता म्हणजे आपोआप शहाणी सत्ता नव्हे. वाळू उपसून घरं बांधली ती बेटवासीयांनीच, विहिरीवर पंप बसवले तेही त्यांनीच. १९६७ पासून २००४ पर्यंत एकाच नेत्याने, पी. एम. सईद यांनी, दहा वेळा ही जागा जिंकली, आणि चार-दोन घराण्यांभोवती राजकारण फिरण्याचा धोका लहान जागी नेहमीच असतो. त्यासाठी सभागृहालाही न ओलांडता येणाऱ्या मर्यादा घालून द्याव्यात. त्या नव्याने शोधायलाही नकोत. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन समितीने बेटाबेटाची वहनक्षमता, म्हणजे त्याला किती भार झेपेल ते, पाहून शिफारशी केल्या आहेत आणि त्यांवर आधारलेले एकात्मिक व्यवस्थापन आराखडे तयार आहेत. ते प्रशासकाला जसे बांधील तसेच सभागृहालाही असावेत.

विधिमंडळ असलेला केंद्रशासित प्रदेश म्हणजे काय, हे गोव्याला चांगलं माहीत आहे. १९६२ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कलम २३९-अ आलं, त्याखाली गोवा, दमण आणि दीवला विधानसभा मिळाली आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा याच सभागृहाने केले, गोवा राज्य होण्याच्या कितीतरी आधी. दुसऱ्याच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराच्या घराला संरक्षण देणारा कायदा मडगाव-फोंड्यातून निवडून गेलेल्यांनी केला, कारण तो प्रश्न त्यांच्या दारातला होता. पंडारम जमिनींचा प्रश्न त्याच जातीचा आहे. त्याच सभागृहात दमणचा आणि दीवचा प्रत्येकी एक आमदार बसायचा. १९८७ मध्ये गोवा राज्य झालं आणि त्यांचा आवाज गेला. लक्षद्वीपला तो कधी मिळालाच नाही, कारण २३९-अ मध्ये त्याचं नावच घातलं नव्हतं.

पूर्ण विधानसभेसाठी ते कलम दुरुस्त करावं लागेल आणि त्याला वेळ जाईल. तोवर संसदेच्या साध्या कायद्याने लेह आणि कारगिलच्या स्वायत्त परिषदांसारखी, पण जास्त दात असलेली, द्वीप परिषद उभी करता येते. प्रत्येक वस्तीच्या बेटाला किमान एक जागा, बाकीच्या लोकसंख्येप्रमाणे. मिनिकॉयची भाषा आणि रीती वेगळ्या, तेव्हा त्या विषयांवर मिनिकॉयच्या सदस्यांची संमती बंधनकारक. जमीन, भूजल, बांधकाम परवाने, मत्स्यव्यवसाय, शाळा, आरोग्य आणि पर्यटकांची संख्या हे विषय परिषदेचे. प्रशासकाला तिचा ठराव फेटाळायचा असेल तर लेखी कारण देऊन, ठरलेल्या मुदतीत आणि एकदाच परत पाठवता यावा.

जहाजांचं वेळापत्रकही याच परिषदेकडे हवं. कोची, बेपूर आणि मंगळूर हीच या लोकांची बाजारपेठ, कॉलेज आणि मोठं रुग्णालय. अगत्तीची धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटरच्या आसपास, तिथे छोटी विमानंच उतरतात, बाकी सगळे जहाजावर. दोन जहाजं एकदम दुरुस्तीला गेली की तिकिटासाठी दिवसच्या दिवस थांबावं लागतं, आणि १५ मेपासून चार महिने लहान मालवाहू गलबतं बंद असतात. दुरुस्ती कोणत्या महिन्यात काढायची, परीक्षेच्या आधी कोणती फेरी वाढवायची, पावसाळ्याआधी कोणत्या बेटावर किती तांदूळ आणि डिझेल उतरवायचं, हे ज्याच्या घरचं माणूस त्या जहाजाची वाट पाहत असतं त्याला विचारून ठरायला हवं.

आणि परिषदेचा कायदा होईपर्यंत थांबायचंही कारण नाही. मे २०२१ मध्ये काढून घेतलेली पाच खाती एका प्रशासकीय आदेशाने गेली होती. तशाच एका आदेशाने ती पंचायतींना, त्यांच्या निधीसह आणि कर्मचाऱ्यांसह, परत देता येतात. त्यासाठी संसदेचं अधिवेशन लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही. गृहखात्याने कवरत्तीला एक पत्र पाठवलं तरी पुरे.